पियानोच्या तारांमधली झणझण: शोध आणि दुरुस्ती

पियानोतून झणझण ऐकू आली की पहिला संशय तारेवर जातो. माझ्या उभ्या पियानोच्या खालच्या सप्तकांमध्ये असा आवाज येऊ लागला तेव्हा मलाही तारेचाच संशय आला, कारण आवाज धातूचा होता, पट्टी दाबताच उमटत होता आणि पट्टी सोडताच थांबत होता. पण आवाज पट्टीबरोबर सुरू होतो आणि तिच्याबरोबर थांबतो, एवढ्यावरून तो तारेचा ठरत नाही. हातोडीच्या आघाताने तार कंप पावते, ती घोडीमार्फत, म्हणजे ब्रिजमार्फत, साउंडबोर्डला, म्हणजे तारांमागच्या पातळ लाकडी फळीला, हलवते आणि साउंडबोर्ड सगळा लाकडी सांगाडा आणि खोलीतली हवा हलवतो. या साखळीत कुठेही काही सैल असेल, तर तो स्वर टिकेल तेवढा वेळ ते झणझणत राहू शकते. उगम कुठे आहे हे सांगण्यात आपला कान फार कच्चा असतो, आणि बंद पेटीसारख्या पोकळीतून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत तर अधिकच. त्यामुळे जागा शोधण्याचे काम कानावर न सोपवता चाचण्यांवर सोपवायचे, असे मी आरंभीच ठरवले.

माझ्या पियानोमध्ये एकाच वेळी अनेक दोष होते आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळले होते. कोणत्याही तारेला हात लावण्यापूर्वी हे आवाज वेगळे करणे आवश्यक होते. मी वही घेऊन बसले आणि डावीकडच्या शेवटच्या पट्टीपासून सर्व ८८ पट्ट्या क्रमाने वाजवल्या; आधी हलक्या हाताने, मग जोराने, मग उजवे पेडल दाबून. प्रत्येक संशयित स्वरापुढे आवाजाचा प्रकार लिहिला: तो आघाताच्या क्षणी येतो की स्वर विरत असताना, पट्टी सोडताना येतो का, हलक्या आघाताला नाहीसा होतो का, शेजारच्या पट्ट्यांवरही त्याची छाया आहे का. खोलीत शांतता असेल अशी वेळ यासाठी निवडावी, कारण विरत जाणाऱ्या स्वराच्या शेवटच्या भागात लपलेली खरखर एरवी निसटून जाते. पुढच्या सगळ्या शोधात मी या वहीकडे पुन्हा पुन्हा वळत राहिले.

नोंदी पाहताना एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत मोठी झणझण मधल्या ‘सी’च्या खालच्या पहिल्या ‘एफ’वर होती. तशीच, पण थोडी सौम्य झणझण आणखी एका सप्तकाने खालच्या ‘एफ’वर होती आणि त्याच्याही खालच्या ‘बी फ्लॅट’वर तिचा अंश ऐकू येत होता. या तीन स्वरांच्या तारा वेगळ्या, हातोड्या वेगळ्या, पट्टी सोडताच तार थांबवणारे डॅम्पर वेगळे. पण त्यांची गणिते एकमेकांशी जुळतात. ‘ए’ ४४० हर्ट्झला लावलेल्या पियानोत वरच्या ‘एफ’ची वारंवारता सुमारे १७४.६ हर्ट्झ असते. खालच्या ‘एफ’ची ८७.३ हर्ट्झ, म्हणजे बरोबर निम्मी. त्याचा दुसरा उपस्वर पुन्हा १७४.६ वर येतो. ‘बी फ्लॅट’ची वारंवारता ५८.३ हर्ट्झच्या आसपास, आणि तिची तिप्पट केली तर पुन्हा १७५ च्या जवळचाच आकडा मिळतो. तिन्ही स्वर मिळून एकाच वारंवारतेकडे बोट दाखवत होते. तीन वेगवेगळ्या तारा एकाच वेळी, एकाच प्रकारे बिघडण्यापेक्षा १७५ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होणारी एकच सैल वस्तू कुठेतरी आहे, हे अनुमान कितीतरी अधिक संभवनीय होते. हा निष्कर्ष निघाला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पियानो न उघडता, केवळ कागदावर, त्या तिन्ही स्वरांच्या तारा संशयाच्या यादीतून बाहेर गेल्या होत्या.

अशा वस्तूचा शोध बाहेरून आत घ्यावा. पियानोवर ठेवलेली प्रत्येक वस्तू, तसबिरी, दिवा, स्वरलिपीची पुस्तके, सगळे मी खोलीबाहेर नेले. खिडकीच्या तावदानांवर आणि कपाटाच्या काचांवर हात ठेवून पाहिले. मग बहिणीला तो ‘एफ’ एकसारख्या जोराने, सावकाश वाजवत राहायला सांगितले आणि मी पियानोच्या एकेका भागावर तळवा घट्ट दाबत गेले: वरचे झाकण, पुढची वरची फळी, खालची फळी, पुस्तक ठेवण्याची पट्टी, पट्ट्यांवरचे झाकण, कुलपाची पितळी चकती, पेडलच्या दांड्या. हे काम एकट्याने करणे कठीण आहे. वाजवणाऱ्याचे कान पियानोच्या पुढेच अडकलेले असतात आणि झणझणणारी वस्तू बहुधा बाजूला, खाली किंवा मागे असते. प्लास्टिकच्या नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक एकेका जागेजवळ नेले तर आवाजाचे क्षेत्र आणखी लहान करता येते.

दोषी निघाली ती वरच्या झाकणाची लांब बिजागरी. उभ्या पियानोच्या झाकणाला बऱ्याचदा टोकापासून टोकापर्यंत एकच पट्टीबिजागरी असते आणि तिच्यातून एक बारीक लांब सळई गेलेली असते. ती सळई कालांतराने झिजली होती आणि एका बाजूला किंचित बाहेर सरकली होती. झाकण उघडले की झणझण बंद, मिटले की सुरू, आणि मिटलेल्या झाकणावर नेमक्या एका जागी बोट दाबले की पुन्हा बंद. मी सळई पकडीने ओढून बाहेर काढली, स्वच्छ केली, तिला मध्यभागी अगदी थोडासा बाक दिला आणि परत आत सारली, म्हणजे ती बिजागरीच्या नळ्यांमध्ये ताणून बसली. बिजागरीचे सगळे स्क्रूही तपासून घट्ट केले. तिन्ही स्वरांवरची झणझण एकदम गेली.

पुढच्या फळ्या काढल्या तेव्हा आतली सफाईही केली. वरची फळी दोन बाजूंच्या खिट्ट्यांवर असते आणि खालची फळी पट्ट्यांच्या खाली असलेली लवचिक पट्टी दाबली की पुढे येते. साउंडबोर्ड आणि बिडाची चौकट यांच्यामधल्या खालच्या फटीत पेन्सिलीचे तुकडे, नाणी, केसांच्या पिना हमखास साठतात आणि साउंडबोर्डला टेकलेली पीन हुबेहूब बिघडलेल्या तारेसारखी वाजते. लाकडी पट्टी आणि व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी यांनी ही जागा मोकळी केली. चौकटीला धरून ठेवणारे दिसतील तेवढे स्क्रू पाहिले. हातोड्यांच्या बुडाशी असलेले बारीक स्क्रूही सैल झालेले होते. ते सैल झाले की झणझणीपेक्षा टिकटिक अधिक येते, पण दोन्ही एकत्र आले की कान गोंधळतो.

एवढे झाल्यावर खालच्या भागातला ‘डी’, मधल्या ‘सी’च्या खालच्या दुसऱ्या सप्तकातला, स्पष्ट उघडा पडला. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वर स्वच्छ, वरच्या सप्तकातला ‘डी’ स्वच्छ, आणि हा एकटाच आघातानंतर काही क्षण खरखरीत, तांब्याच्या पत्र्यासारखा झरझरत राहायचा. एकाच स्वरावरचा, शेजारी न पसरणारा आणि उपस्वरांच्या गणितात न बसणारा दोष असेल तर तारेकडे वळावे. इथे मी पहिल्यांदाच तारेकडे वळले.

पियानोत ८८ स्वरांसाठी सुमारे २३० तारा असतात. सर्वांत खालच्या स्वरांना एकेक जाड तार, त्यांच्या वरच्या मंद्र स्वरांना दोन दोन आणि उरलेल्यांना तीन तीन. खालच्या तारा साध्या पोलादाच्या नसतात. पोलादी गाभ्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते, कारण खालच्या स्वरासाठी वजन हवे आणि लवचिकताही हवी, आणि नुसत्या जाड पोलादाने लवचिकता जाते. माझ्या ‘डी’ला अशा दोन तारा होत्या. प्रत्येक तारेवर साधारण ७० ते ८० किलो वजनाएवढा ताण असतो आणि सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. म्हणून चाळणी लावायच्या चाचण्या आधी संपवाव्यात आणि मगच ट्यूनिंग पिनला, म्हणजे तारेचे वरचे टोक जिच्यावर गुंडाळलेले असते त्या पिनेला, हात लावावा, हे मी कटाक्षाने पाळले. पिन फिरवावी लागली तेव्हा डोळ्यांवर चष्मा ठेवला आणि चेहरा तारेच्या रेषेत येऊ दिला नाही.

पहिली चाचणी रबरी पाचरीची. दोन तारांपैकी एकीजवळ पाचर खोवून ती मुकी केली आणि दुसरी एकटी वाजवली, मग उलट. झरझर डावीकडच्या तारेतच होती. दुसरी चाचणी बोटाची. हातोडीने न वाजवता तार बोटाने हलकेच ओढून सोडली तरीही झरझर आली, म्हणून हातोडी, तिचे फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे आवरण, आणि तिचा सांधा यांच्यावरचा संशय दूर झाला. तिसरी पेडलची. उजवे पेडल दाबून डॅम्पर तारेपासून पूर्ण दूर नेला तरी आवाज तसाच राहिला, म्हणजे डॅम्परचे फेल्टही निर्दोष. चौथ्या चाचणीत घोडी आणि खालची हिच पिन, म्हणजे तारेचे खालचे टोक जिच्यात अडकवलेले असते ती पिन, यांच्यामधला तारेचा न वाजणारा तुकडा बोटाने दाबून ठेवला. या तुकड्यांमध्ये विणलेली फेल्टची पट्टी सैल झाली तर ते तुकडे स्वतःच गुणगुणतात. इथेही फरक पडला नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे होते तसे ठेवायचे, हा नियम सांभाळला की चार छोट्या चाचण्यांनी शोध एका तारेच्या वाजणाऱ्या भागावर येऊन ठेपतो.

तारेची टोके मात्र अजून राहिली होती. तार वरच्या बाजूला बिडाच्या चौकटीवरच्या धारेवर आणि खालच्या बाजूला घोडीवर टेकते. या दोन टेकूंच्या मधला भाग वाजतो. टेकू स्वच्छ आणि टोकदार असला तर कंप तिथे नीट संपतो. टेकूत खाच पडली, गंज चढला किंवा तार त्यावर अर्धवट टेकली तर ती प्रत्येक कंपात टेकूला घासते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलाईचा असतो, तिच्यावर जवारी काढून तारेला हाच स्पर्श मुद्दाम दिलेला असतो आणि त्यातून तो भरदार, उपस्वरांनी उजळलेला नाद येतो. पियानोच्या बांधणीत मात्र या स्पर्शाला जागा ठेवलेली नाही. सेबास्टियन एरार याने १८०८ मध्ये ॲग्राफ, म्हणजे तारेसाठी छिद्र असलेला पितळी टेकू, आणला, त्याचाही एक हेतू तारेचे वरचे टोक पक्के आणि स्वच्छ राहावे हाच होता. मी विजेरी आणि भिंग घेऊन दोन्ही टोके पाहिली. वरची धार स्वच्छ होती. घोडीवर तार दोन तिरप्या पिनांच्या मधून नागमोडी जाते आणि तिचा दाब नीट होता. तांब्याचा वेढा जिथे संपतो ती जागा घोडीला किंवा शेजारच्या तारेला टेकत नव्हती, हेही कागदाची पातळ पट्टी मधून फिरवून तपासले.

आता उरला तांब्याचा वेढा. तार वाजवून वेढ्याच्या खालच्या टोकाजवळ नखाने अगदी हलका स्पर्श केला आणि झरझर कमी झाली. तिथून थोडे वर सरकल्यावर स्पर्शाचा परिणाम दिसेना. वेढा गाभ्यापासून किंचित सुटला होता आणि त्याची कडी कंपाबरोबर गाभ्यावर आपटत होती. बऱ्याच मंद्र तारांचा गाभा षटकोनी असतो, म्हणजे त्याच्या कडा तांब्यात रुततात आणि वेढा सरकत नाही. गोल गाभ्याच्या तारांमध्ये वेढ्याची टोके जिथे येतात तिथे गाभा चपटा केलेला असतो. तरीही वर्षानुवर्षांच्या कंपाने, हवेतल्या बदलांनी किंवा ताण वारंवार उतरवल्या-चढवल्याने ही पकड ढिली होऊ शकते.

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: तारेला वेढ्याच्या दिशेने पीळ देणे. पण तो करताना क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ट्यूनिंग लिव्हरने पिन सैल करून तारेचा ताण उतरवला. पिनेवरचे वेढे सुटू देता कामा नयेत. त्यांना बोटाने धरून फक्त खालचे टोक सैल होण्यापुरताच फेरा दिला. मग तारेचे खालचे फाशासारखे टोक हिच पिनेवरून एका आकड्याने उचलले. ते टोक हातातून निसटू नये म्हणून पकडीत धरले, मात्र पकडीचा जबडा तांब्याला लागणार नाही याची काळजी घेतली, कारण तांब्याला पडलेला चिमटा तारेचा आवाज कायमचा मारतो. दिशा ठरवण्यासाठी भिंगातून वेढ्याची चाल पाहिली आणि फासा थोडा फिरवून कुठल्या बाजूला वेढा घट्ट होतो हे बोटाने तपासले. उलट्या दिशेने पीळ दिला तर उरलेली पकडही जाते, म्हणून या तपासणीला वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. फाशाला त्या दिशेने एक पूर्ण फेरा दिला, पीळ सुटू न देता तो परत हिच पिनेत अडकवला, तार घोडीच्या पिनांमध्ये आणि वरच्या धारेवर आपापल्या जागी बसवली आणि ताण टप्प्याटप्प्याने चढवला.

झरझर पूर्ण गेली होती आणि तिच्याखाली झाकलेला भरीव, लांब टिकणारा स्वर परत आला होता. मी तो कितीतरी वेळ वाजवत राहिले. पण अशी तार लगेच स्थिर होत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा सूर उतरलेला होता, त्यानंतरही उतरत गेला, आणि प्रत्येक वेळी तिला तिच्या जोडीच्या तारेशी पुन्हा जुळवावे लागले. पीळ दिलेल्या तारेचा पोत किंचित बदलतो. जोडीची तार फार मंद वाटली असती तर तिलाही तेवढाच पीळ देण्याची माझी तयारी होती, पण दोघींचा रंग पुरेसा जुळला आणि मी ती तशीच ठेवली. जी तार नीट वाजते तिचा ताण विनाकारण उतरवू नये, असे मला वाटते.

यानंतरच्या दोन गोष्टी त्या मानाने लहान होत्या. एका स्वरावर पट्टी सोडताना छोटीशी ‘झर्र’ येत होती. पट्टी दाबून धरली की स्वर स्वच्छ, सोडली की डॅम्पर तारेवर उतरताना झर्र. मंद्र भागात दोन तारांच्या मधे जाणारे डॅम्परचे फेल्ट पाचरीच्या आकाराचे असते. ते एका बाजूला किंचित वळले होते, म्हणून ते एका तारेला आधी आणि दुसरीला नंतर टेकत होते. डॅम्परच्या डोक्याचा बारीक स्क्रू सैल करून ते सरळ केले आणि टणक झालेले फेल्ट सुईने टोचून मोकळे केले.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी होती. वरच्या सप्तकातल्या एका स्वराच्या तीन तारा कितीही जुळवल्या तरी स्वर लहरत राही आणि त्यात एक बारीक सळसळ येई. तीनपैकी दोन तारा मुक्या केल्या तर एकटी मधली तारच लहरत होती. जुळवणीत दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या तर लहर येते, पण एकट्या तारेने स्वतःशीच लहरावे याचे कारण सुराच्या बाहेर असते. घोडीवरची पिन सैल असली की तारेचा उभा कंप एका लांबीवर संपतो आणि आडवा कंप थोड्या वेगळ्या लांबीवर. त्यामुळे एकाच तारेतून दोन अगदी जवळच्या वारंवारता निघतात. तपासण्याची रीत सोपी आहे. तार वाजत असताना तिच्या वाजत्या बाजूची पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तारेच्या दिशेने दाबून धरायची. मी दाबली आणि लहर थांबली, सोडली आणि परत आली.

इथे मी आमच्या ट्यूनरना बोलावले. घोडीवर तारा हातोडीने ठोकून बसवण्याची पद्धत अनेक जण वापरतात. पण लाकडाच्या कडेवर तो आघात बसला की खाच खोल जाते आणि पुढच्या वेळी दोष मोठा होऊन येतो, म्हणून मला ती आवडत नाही. त्यांनीही तार फक्त लाकडी काठीने हलकेच दाबून बसवली आणि पिनेच्या बुडाशी पातळ सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, एक थेंब सोडला. तो लाकडात शिरून पिन धरून ठेवतो. तारेला तो लागू नये म्हणून आधी तिच्याभोवती कागद लावला होता. घोडीला भेग असती तर हा उपाय पुरला नसता आणि तिचे वरचे लाकूडच बदलावे लागले असते, असे त्यांनी सांगितले.

याच भेटीत साउंडबोर्डवरची एक जुनी भेगही त्यांना दाखवली. भेग पाहून पुष्कळ लोक घाबरतात आणि प्रत्येक झणझणीचे खापर तिच्यावर फोडतात. भेगेच्या दोन्ही कडा मागच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे रिबना, घट्ट चिकटलेल्या असतील तर ती भेग गप्प असते. झणझणते ती रिबवरून सुटलेली जागा. उभ्या पियानोत रिब मागच्या बाजूला असतात, म्हणून पियानो भिंतीपासून पुढे ओढून मागून पाहावे लागते. कागदाची पातळ पट्टी एकेका रिबच्या कडेने सरकवली तर ती एका जागी आत शिरली. त्या जागी रिब अंगठ्याने दाबून धरली आणि खालचे स्वर वाजवले तेव्हा अंधूक भणभण नाहीशी झाली. ही भणभण कोरड्या हवेच्या दिवसांत वाढते, दमट दिवसांत दबते, हे माझ्या नोंदींमध्ये आलेच होते. लाकूड सुकून आकुंचन पावले की फट उघडते. फट उघडी असतानाच तिच्यात पातळ पात्याने लाकडाचा गोंद सारला आणि मागच्या खांबाशी पाचर देऊन तो सुकेपर्यंत रिब दाबून ठेवली. तेव्हापासून खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याकडे मी लक्ष देते. साउंडबोर्ड, घोडी आणि पिनब्लॉक, म्हणजे ट्यूनिंग पिना ज्यात रोवलेल्या असतात तो ठोकळा, ही तिन्ही लाकडे तिच्यावर अवलंबून आहेत.

शेवटी एक तार उरली जिला पीळ देऊनही उपयोग झाला नाही. ती सर्वांत खालच्या भागातली एकेरी तार होती. तिच्या वेढ्यावर हिरवट गंज चढला होता, आवाज बोदा झाला होता आणि पीळ दिल्यावर खरखर थोडेच दिवस थांबली. अशी तार बदलावीच लागते आणि ती तयार मिळत नाही, मापाने बनवून घ्यावी लागते. जुनी तार कापून न टाकता नमुना म्हणून कारागिराकडे पाठवणे उत्तम. सोबत मी तिची पूर्ण लांबी, फाशापासून तांबे सुरू होईपर्यंतचे अंतर, तांब्याच्या भागाची लांबी, आणि मायक्रोमीटरने मोजलेला गाभ्याचा व तांब्यासहित तारेचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहून दिला. नवी तार आल्यावर तिचे वरचे टोक हव्या त्या लांबीला कापायचे असते. गाभा गोल असेल तर कापण्यापूर्वी टोकाजवळ तारेला एक तीक्ष्ण मोड द्यावी लागते, नाहीतर कापताक्षणी वेढा सैल होऊ शकतो. ट्यूनिंग पिनेवर एकमेकांना चिकटलेले तीन वेढे बसतील एवढी लांबी ठेवून ती चढवली.

नवी तार शेजारच्या जुन्या तारांपेक्षा उजळ वाजते आणि तो फरक पहिले काही आठवडे स्पष्ट ऐकू येतो. ती सारखी ताणत असते, सूर रोज उतरतो, आणि दर खेपेला तो पुन्हा चढवावा लागतो. ती स्थिर होईपर्यंत मी तिच्यावर जोराचे आघात टाळले नाहीत, उलट ती रोज भरपूर वाजवली, कारण वाजवल्याने ती टेकूंवर लवकर बसते. सूर दोन खेपांमध्ये हलेनासा झाला तेव्हा पुन्हा वही घेतली, सर्व ८८ पट्ट्या हलक्या आणि जोराच्या आघाताने वाजवल्या, पेडल दाबून वाजवल्या, आणि जुन्या नोंदींमधल्या प्रत्येक खुणेपुढे आता तो स्वर स्वच्छ असल्याची नोंद केली.